दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही

हे लिहायचा मला कितपत अधिकार आहे, कोण जाणे. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. वडील इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतात, आई घरी काज-बटणं करते. घरातली पुस्तकं म्हणजे माझी शाळेची, आणि वर्ष संपलं की तीही शेजारच्या मुलीकडे जायची. अशा घरातल्या माणसाने न्यूझीलंडमध्ये येऊन एक इंग्रजी शब्द जपानी लोकांना समजावायला जावं आणि वर त्याबद्दल मराठीत लिहावं, यात थोडा आगाऊपणा आहे हे मला दिसतं. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण त्या एका शब्दाने मला इतका वैताग दिला आहे, की तो कागदावर उतरवल्याशिवाय डोक्यातून जाईल असं वाटत नाही.

शब्द होता ‘कीन’.

मी वेलिंग्टनला शिकतो आणि पोरिरुआत राहतो, कारण तिथली खोली परवडते. घर एका ताईंचं आहे. ताई मूळच्या पुण्याच्या, इथे बरीच वर्षं हॉस्पिटलात नर्स आहेत. दोन खोल्या त्या भाड्याने देतात. एकीत मी, दुसरीत ओसाकाजवळून आलेला एक तरुण. तरुण म्हणजे माझ्यापेक्षा मोठा, तिशीला टेकलेला. तिकडे तो लिफ्टचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीत होता. ती नोकरी सोडून तो इथे आला आणि पोरिरुआच्या एका बेकरीत लागेल तशा पाळ्या करायला लागला. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत चालायचं. पण त्याचं इंग्रजी इतकं अदबीचं होतं, की ते मराठीत लिहिताना मला ‘तुम्ही’शिवाय काही सुचत नाही.

मी आठवड्यातून दोन दिवस एका भाषाशाळेत परदेशी विद्यार्थ्यांशी गप्पा मारायला जातो. गप्पा मारायचेच पैसे मिळतात, हे मी आईला अजून नीट पटवू शकलेलो नाही. तिथल्या बाईंनी मला एकदा सांगितलं की जपानी विद्यार्थ्यांसाठी ‘कीन’ या शब्दावर एक पान लिहून दे. अर्थ काय, इथे तो कसा वापरतात, कुठे वापरू नये. “तूही बाहेरून आलास. त्यांना कुठे अडतं ते तुला कळेल,” असं त्या म्हणाल्या. मला फार भारी वाटलं. घरी येऊन मी एका बैठकीत पान लिहून काढलं.

‘कीन’ म्हणजे उत्सुक, तयार, मनापासून इच्छा असलेला. कोणी ‘यू कीन?’ असं विचारलं आणि तुम्हाला यायचं असेल, तर नुसतं ‘कीन’ म्हणा. फारच यायचं असेल तर ‘कीन अ‍ॅज’. यायचं नसेल तर ‘नॉट दॅट कीन’. एखादा माणूस एखाद्या माणसावर कीन असेल तर ती भानगड निराळी, तिथे जपून. एवढंच. मग ते तपासायला म्हणून मी आमच्या जपान्याला दिलं. इथे चूक झाली.

त्याने पेन्सिल घेतली, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि ते पान दोनदा वाचलं.

“‘अ‍ॅज’ म्हणजे कशासारखं?” त्याने विचारलं.

“कशासारखंच नाही. तिथेच संपतं.”

“वाक्य अर्धं सोडून हे लोक कुठे जातात?”

“कुठे जात नाहीत हो. इकडे ‘स्वीट अ‍ॅज’ म्हणतात की नाही, म्हणजे ‘एकदम मस्त’, तसंच हे.”

त्याने नोंद केली. मग म्हणाला, “हा शब्द खालच्याने वरच्याला म्हटला तर चालतो?”

“चालतो.”

“पण इच्छा आपली आहे. ती अशी थेट समोर ठेवली, तर वरच्या माणसाला नाही म्हणायला जागा कुठे राहिली?”

“त्यानेच तर विचारलंय! ‘यू कीन?’ असं त्यानेच विचारलंय ना?”

“हो. पण तो सौजन्य म्हणूनही विचारत असेल.”

मी कपाळाला हात लावला. मग त्याने मला समजावलं, अगदी शांतपणे, जणू मीच विद्यार्थी होतो. त्यांच्याकडे नकार द्यायचा असला की ‘चोत्तो’ म्हणतात, म्हणजे ‘जरासं’, आणि थांबतात. पुढचं समोरच्याने ओळखायचं. होकारालाही तसंच. पहिल्यांदा मागे सरायचं, आपली योग्यता नाही असं म्हणायचं. समोरच्याला खरंच आपण हवे असलो तर तो परत विचारतोच. “नुसतं ‘कीन’ म्हणणारा माणूस म्हणजे...” तो दातांतून हवा आत ओढून थांबला. पुढचं मी ओळखायचं होतं.

ते पान मी तीन वेळा नव्याने लिहिलं. प्रत्येक वेळी त्याची पेन्सिल चाले. ‘इच्छा किती असली म्हणजे कीन?’ ‘मी कीन असलो, पण माझ्या येण्याने इतरांची गैरसोय होत असेल, तर मी कीन आहे की नाही?’ मला रडू यायचं बाकी होतं. चार अक्षरांचा शब्द. इथली शाळकरी पोरं डेअरीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाच्या दारात आइस्क्रीम चाटत तो शंभरदा बोलतात.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण मग तो शनिवार आला. बेकरीच्या मालकिणीने त्याला मेसेज केला होता, ‘कीन फॉर सॅटरडे?’ त्यावर याने काय लिहावं? ‘विचारल्याबद्दल मनापासून आभार. दुसरं कोणी सोयीचं नसेल, आणि माझ्यामुळे कामात अडचण येणार नसेल, तर शनिवारी मी बहुधा मोकळा असेन असं वाटतं.’ तिने अंगठा पाठवला. शनिवारी पहाटे हा अंगात पांढरा सदरा घालून बेकरीत गेला आणि माझा चहा व्हायच्या आत परत आला.

“माझ्या जागी दुसरी मुलगी आहे,” तो म्हणाला, आणि सदऱ्याची घडी घालायला लागला.

“कोण म्हणालं तुम्हाला नको म्हणून?”

“कोणी नाही. तिने परत विचारलं नाही, म्हणजे तिला फारशी गरज नव्हती. मी समजायला हवं होतं.”

“ती परत विचारणारच नाही!” मी जवळजवळ ओरडलोच. “अहो, इथे दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही. एकदाच विचारतात. ते खरं विचारणं असतं. नको म्हटलं की ‘नो वरीज’ म्हणतात आणि निघून जातात, आणि त्यांच्या मनात काहीही राहत नाही!”

“किती एकटं वाटत असेल त्यांना,” तो म्हणाला.

त्या दिवशी संध्याकाळी ताई ड्यूटीवरून लवकर आल्या आणि त्यांनी थालीपीठं लावली. आम्ही दोघे टेबलाशी. माझी दोन झाल्यावर ताई तवा हातात घेऊन आल्या.

“अजून एक घे.”

“नको, नको ताई. भरलं पोट.”

“अरे घे रे. कोल्हापूरकडचा ना तू? दोन थालीपीठांवर उठतोस? आई काय म्हणेल तुझी!”

“नको, खरंच नको,” मी म्हणेपर्यंत थालीपीठ ताटात पडलं होतं, वर लोण्याचा गोळा. मी ते खाल्लं. चवीने खाल्लं. जपानी माणूस घास हातात तसाच धरून हे बघत होता. ‘नको’ एवढं मराठी त्याला एव्हाना कळायचं.

“तुम्ही नको म्हणालात,” तो मला म्हणाला.

“हो.”

“दोनदा.”

“हो.”

“तुम्हाला हवं होतं?”

हवंच होतं. लहानपणी कोणाकडे जायचं असलं की आई दारातच बजावायची, लगेच हो म्हणायचं नाही, हावरट दिसतं. एकदा, दोनदा नको म्हणायचं, मग अर्धा कप चहा घ्यायचा. मी हे त्याला सांगितलं. ताईंना तोवर आमचं काय चाललंय ते कळलं होतं. त्या इंग्रजीत म्हणाल्या, “त्याच्या नकोकडे कोण लक्ष देतं? तोंड बघायचं. हे काय पोट भरल्याचं तोंड आहे?” आणि मराठीत मला, “आणि तू याला शिकवतोस होय रे!”

जपानी माणूस इतका हसला की त्याला ठसका लागला. मग पाणी पिऊन त्याने अगदी साधेपणाने विचारलं, “तुम्ही स्वतः कधी ‘कीन’ म्हणालात?”

मी ताट उचलून ओट्याशी गेलो. आदल्या महिन्यातच आमच्या विभागातल्या एका प्राध्यापकांनी मला कॉरिडॉरमध्ये थांबवून विचारलं होतं, पहिल्या वर्षाच्या मुलांचे वर्ग घेशील का, कीन आहेस का? मला इतका आनंद झाला की तोंडातून निघालं, “मी तेवढा हुशार आहे असं मला नाही वाटत, सर.” मला वाटलं ते म्हणतील, अरे काहीतरीच काय! ते म्हणाले, “नो वरीज,” आणि कॉफी घ्यायला गेले. ते वर्ग आता दुसरा मुलगा घेतो. त्याच्यावर माझा राग नाही. माझा राग त्या ‘नो वरीज’वर आहे, आणि त्याहून जास्त माझ्या त्या ‘सर’वर.

त्यानंतर काही आठवड्यांनी जपान्याने जेवताना सांगितलं, हवामान सांगावं तसं, की मालकीण टौरंगाला दुसरं दुकान उघडते आहे. तिथे पाव करायला एक कायमचा माणूस लागेल. ती जागा ज्याला मिळेल, त्याच्या व्हिसासाठी ती कागद करून देईल. शुक्रवारी तिला त्याच्याशी बोलायचं आहे.

“आणि तुझा व्हिसा?” ताईंनी विचारलं.

“पानगळ संपता संपता संपेल.”

“मग? पाहिजे का तुला ती जागा?”

त्याने दातांतून हवा ओढली. मग पहिल्यांदाच, शेपूट न लावता, म्हणाला, “मला रोज पाव करायचा आहे. परत त्या लिफ्टच्या कंपनीतल्या टेबलाशी बसायचं नाही.”

मी ठरवलं की शुक्रवारपर्यंत या माणसाकडून तो शब्द म्हणवून घ्यायचा. स्वयंपाकघरात तालीम सुरू झाली. ताई लाटणं घेऊन मालकीण झाल्या. मालकीण ही रुंद खांद्यांची, भरभर बोलणारी इथलीच बाई. ताईंनी तिचा आवाज काढला तो थेट सदाशिव पेठेतला निघाला.

“सो, टौरंगा. यू कीन?”

“कीन,” तो म्हणाला. आम्ही श्वास रोखला. “...असं म्हणणं माझ्याकडून जास्त होईल, पण...”

“पण नाही!” मी.

“परत,” ताई म्हणाल्या. “यू कीन?”

“कीन. जर कोणी...”

“जर नाही!”

“अरे, त्याला श्वास तरी घेऊ दे,” ताई मला म्हणाल्या. “तूच घाबरवतोयस त्याला. तू मास्तर झालास तर पोरं पळून जातील.”

गंमत अशी, की ताईंनी लाटणं ठेवून “चहा घेणार?” विचारलं, तर तो पटकन म्हणाला, “कीन!” स्पष्ट, एका दमात. मी बघतच राहिलो. हे कसं जमलं म्हणून विचारलं, तर म्हणाला, “ताईंना नको म्हणून उपयोग नसतो. चहा येतोच. मग कशाला वेळ घालवायचा?”

शुक्रवारी मी वेलिंग्टनहून एक गाडी आधीची पकडली. दारातून आत आलो तर तो ओट्याशी उभा राहून भांडी घासत होता, आणि भांडी माझी होती. तेव्हाच मला कळलं.

“तिने विचारलं?”

“विचारलं.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हणालो, एवढी मोठी जबाबदारी, माझ्याआधीपासून काम करणारे लोक आहेत.”

“आणि ती?”

“नो वरीज म्हणाली. मग आम्ही मैद्याच्या पोत्यांबद्दल बोललो.”

मी तिथेच स्टुलावर बसलो. मी जे बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. त्यात ‘शिकवून शिकवून घसा सुकला’ होतं, ‘जपान’ होतं आणि बरंचसं माझ्या प्राध्यापकांना उद्देशून होतं. मी बेकरीत जाऊन तिला समजावतो असं म्हणून चपलाही पायात घातल्या. ताईंनी मला दारातच अडवलं. “तू कोण त्याचा? वडील? बस गप. त्याच्या तोंडचं त्यालाच बोलू दे.”

“तो बोलत नाही, हीच तर अडचण आहे ना ताई!”

“माहितीये मला. तरी बस.”

मालकीण टौरंगाला गेली, दुकान लावायला. इकडे झाडं पिवळी झाली. तो उरलेल्या पाळ्या करत राहिला आणि त्याने परतीचं विमानाचं तिकीट काढलं. मग एक दिवस म्हणाला, जायच्या आधी टौरंगाला जाऊन मालकिणीचा निरोप घेऊन येतो. बसने जवळपास आख्खा दिवस लागतो.

“कशासाठी?” मी विचारलं. “जागा दिली नाही, त्याबद्दल आभार मानायला? मेसेज करा. ती अंगठा पाठवेल.”

“तिने मला पाव शिकवला. समोर जाऊन, हातात काहीतरी ठेवून, आभार मानायला हवेत. नाहीतर मी इथून नीट गेलोच नाही असं होईल.”

मला हात टेकावेसे वाटले. हा माणूस एक अक्षर बोलायला तयार नाही, पण न मिळालेल्या नोकरीबद्दल आभार मानायला दिवसभर बसमध्ये बसायला तयार आहे. ताईंनी मात्र विचारलं, “रिकाम्या हाताने कशाला जातोस? नारळाच्या वड्या देऊ का करून?”

“कीन,” तो म्हणाला.

ताईंनी वड्या एका डब्यात भरल्या. डबा परत पाठव वगैरे काही त्या म्हणाल्या नाहीत. त्याने आपलं सगळं सामान बरोबर नेलं, कारण तिथून तो थेट ऑकलंडच्या विमानतळावर जाणार होता. स्टेशनवर तो मला इतका वाकून नमस्कार करत होता, की आजूबाजूचे लोक बघायला लागले. मी त्याला माझं ते पान दिलं, चौथा खर्डा. का दिलं, मलाही सांगता येणार नाही.

मग काही नाही. पोचलो म्हणून नाही, निघालो म्हणून नाही. मी विचारलं, सगळं ठीक ना? उत्तर आलं, ‘आभार. आपण काळजी करू नये.’ याचा अर्थ कोणी काय लावायचा? त्याच्या विमानाचा दिवस आला आणि गेला. ताई रोज ड्यूटीवरून आल्यावर पर्स ठेवायच्या आधी विचारायच्या, “काही कळलं?” मी म्हणायचो, नाही. “मेला कुठला,” त्या म्हणायच्या, आणि त्याच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडून यायच्या. खोलीसाठी दोन मुलं येऊन गेली. ताईंनी दोघांना सांगितलं की अजून नक्की नाही. भाषाशाळेतल्या बाईंनी माझं पान छापलं, पण शेवटची ओळ गाळून. मी तिथे लिहिलं होतं, ‘इथे दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही, हे लक्षात ठेवा.’ त्यांचं म्हणणं, हे भाषेबद्दल नाही. मी वाद घातला नाही. घालायला हवा होता. मला तो मुद्दा पटला नव्हता, आणि मी “ठीक आहे” म्हणून निघून आलो होतो.

थंडी नीट पडल्यावर एका रविवारी दुपारी मेसेज आला. मी तो ताईंना मोठ्याने वाचून दाखवला. मराठीत तो साधारण असा होतो:

‘उशिराबद्दल क्षमा असावी. नक्की होईपर्यंत कळवणं योग्य नव्हतं. मी टौरंगाला दुकानात गेलो, आभार मानले आणि वड्यांचा डबा पुढे केला. मालकीण म्हणाली, नको, आय अ‍ॅम गुड. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. मग ताईंसारखं परत म्हणालो, घ्या. तिने एक घेतली. मग अजून दोन. तेव्हा मी म्हणालो, तुम्ही नको म्हणालात, मी परत विचारलं, तुम्ही घेतलीत. आमच्याकडे असंच असतं. कृपा करून मलाही परत विचारा. ती खूप हसली. जागा अजून रिकामीच होती. हात पुसून तिने परत विचारलं. मी एकच शब्द म्हणालो. विमानाचं तिकीट त्याच दिवशी रद्द केलं. व्हिसाचे कागद काल आले. पाव रोज करतो. ताईंचा डबा धुऊन ठेवला आहे, येताना घेऊन येईन.’